पुस्तकाच्या पलीकडची जागा

मी एक जुना पुठ्ठा आहे, मित्रांनो, आणि माझ्या पोटाला भोक आहे. हसू नका. त्या भोकाइतकं खरं बोलणारं या गावात दुसरं कुणी नव्हतं.

माझा जन्म अभिमानानं सांगावा असा नाही. मी मक्याच्या आंबूस बिअरचं खोकं होतो. डोवाच्या डोंगराखाली आमचा बाजार आहे. तिथल्या गुत्त्याबाहेर अशी खोकी पायलीला पन्नास पडलेली असतात. पिणारा आधी खोकं खदाखदा हलवतो, दातानं कोपरा फाडतो, पितो आणि गटारात भिरकावतो. मलाही कुणीतरी असंच प्यायलं. मी चिखलात पडून होतो. एक शेळी येऊन मला चाटून गेली. माझं आयुष्य तिथंच संपलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आता पुष्कळदा वाटतं.

मला उचललं म्बेवे मॅडमनी. त्या गावच्या शाळेत तात्पुरत्या मास्तरीण होत्या. सकाळी गुत्ता उघडायच्या आत त्या गटारातली खोकी वेचायच्या. समोर मंदासी तळणाऱ्या बायका बसलेल्या असत. मंदासी म्हणजे मैद्याचे तळलेले गोळे. त्या बायकांना मॅडम म्हणजे रोजचा तमाशा.

"नाफिरी, बघ बघ, मॅडम आज पण आल्या खोकी वेचायला."

"नवरा खाणीवर गेला तो गेलाच. प्यायला लागली असेल बिचारी."

"रिकामी खोकी?"

"उरलंसुरलं चाटत असेल गं."

मॅडमनी हे ऐकलं. मला झटकत त्या म्हणाल्या, "चाटते, नाफिरी. तुझ्याच पोरीसाठी चाटते. दोनदा पहिलीत बसलीये ती, विसरलीस?"

नाफिरीनं झारा कढईवर आपटला आणि तोंड फिरवलं. तिची थोरली पोर म्हणजे एनेलेसी. माझ्या आयुष्यात जे काही घडलं ते या पोरीपायी घडलं.

मॅडमनी मला बोअरच्या पाण्यात धुतलं, दगडावर वाळवलं, ब्लेडनं कापलं आणि बरोबर मध्ये एक आडवी चौकट कोरली. त्या चौकटीत पुस्तकातला एकच शब्द मावे. मागचा शब्द झाकलेला, पुढचा झाकलेला, वरचं चित्र झाकलेलं. माझं काम एवढंच. मी काही शिकवत नव्हतो. मी फक्त बाकीचं सगळं लपवत होतो.

पण त्या शाळेत तेवढ्यानंच हाहाकार झाला.

तिथं वाचन म्हणजे काय होतं ते सांगतो. मास्तर पहिली ओळ म्हणणार, अख्खा वर्ग ती ओरडून म्हणणार. शेळी पाणी पिते! कोंबडी घरात आहे! पान संपलं की पुन्हा तेच पान. पोरांचे आवाज टेकडीपलीकडे जात आणि गावातले म्हातारे मान डोलवत, "वा, काय वाचतात पोरं!" मध्येच शेळीनं येऊन ते पुस्तक खाल्लं असतं तरी पोरं न अडखळता शेवटपर्यंत म्हणाली असती. सगळं पाठ होतं. पुस्तक नुसतं समोर ठेवायला होतं, पूजेतल्या नारळासारखं.

पहिल्या दिवशी मॅडमनी मला पानाच्या मधोमध ठेवलं आणि गटाच्या म्होरक्याला विचारलं, "हा शब्द कुठला?"

तो म्हणाला, "शेळी."

"नीट बघ."

"मॅडम, पहिल्यापासून म्हणू का? म्हणजे येतो."

"पहिल्यापासून नाही. हाच."

पोरगं गप्प झालं. दुसरं गप्प, तिसरं गप्प. मग मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, हा पुठ्ठा प्यायलाय! वास येतोय त्याला!" वर्ग खदखदून हसला. मॅडम नाही हसल्या. त्या खाली बसल्या आणि त्यांनी मला मांडीवर घेतलं. तो शब्द 'पाणी' होता.

त्या दिवसापासून मॅडमनी आरडाओरड बंद केली. अंगठ्यानं चौकटीतला अर्धा शब्द झाकायचा, उरलेल्याचा नुसता आवाज काढायचा. आधी म, मग मा, मग अंगठा सरकवून माद्झी. माद्झी म्हणजे त्यांच्या चिचेवा भाषेत पाणी. म ओळखला की मबुझी, म्हणजे शेळी, तिच्यातही तो सापडायचा. एखाद्या पोराला असा शब्द फुटला की त्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं, दात पडल्यावर जीभ खड्ड्यात फिरवतात ना, तसं. माझ्या आयुष्यातले तेच चांगले दिवस. पोरं मला शर्टाला पुसून घ्यायची. मला उन्हात टाकू नका म्हणून भांडायची. हळूहळू बरीच पोरं मार्गाला लागली.

एनेलेसी मात्र लागली नाही.

ती सगळ्यांत थोराड, आणि सगळ्यांत मुकी. मॅडम पुस्तक तिच्यासमोर सरळ धरायच्या, मला एका शब्दावर ठेवायच्या आणि ती चौकटीत अशी बघायची, जशी विहिरीत पडलेली बादली बघतेय. फळ्यावरचं तिला काही येत नसे. पण गटात बसून सगळे मिळून म्हणायला लागले की तिचा आवाज सगळ्यांच्या पुढे. पोरं तिला पोपट म्हणत. मॅडमही मनात तेच म्हणत असणार.

गटाची बसण्याची रीत तुम्हांला सांगायला हवी, कारण सगळं पाणी तिथंच मुरत होतं. सहा-सात पोरांत एक पुस्तक. पुस्तक जमिनीवर, पोरं भोवती गोल. पुस्तकाचं तोंड म्होरक्याकडे. लवकर येईल तो म्होरक्याच्या शेजारी. उशिरा येईल तो पलीकडे. एनेलेसी सकाळी आईसाठी पाणी भरायची, पीठ मळून द्यायची आणि मग शाळेत पळत यायची. म्हणजे रोज उशीर, आणि रोज पलीकडची जागा. पहिलीतली दोन वर्षं आणि दुसरीतलं हे, सगळं तिथंच.

एक दिवस मॅडम म्होरक्याच्या खांद्यावरून वाकल्या आणि मला पानावर ठेवून त्याला म्हणाल्या, "सांग."

तो विचार करू लागला आणि पलीकडून एनेलेसी म्हणाली, "कोंबडी."

मॅडमनी मला दुसऱ्या ओळीवर सरकवलं. "घर," एनेलेसी म्हणाली. पान उलटलं, कधीच न घोकलेलं शेवटचं पान उघडलं. तिनं एक शब्द सांगितला, दुसरा सांगितला, तिसऱ्याला अडखळली, ओठ हलवले आणि तोही सांगितला.

मॅडमनी चटकन पुस्तक तिच्याकडे सरळ फिरवलं. "आता?"

पोर पुन्हा मुकी.

मॅडमनी पुस्तक परत उलटं केलं. "आता?"

"शेतात मका आहे," एनेलेसीनं धडाधड वाचलं.

मित्रांनो, ती पोर वाचत होती. सगळ्यांच्या आधीपासून वाचत होती. तीन वर्षं ती ज्या बाजूला बसली त्या बाजूनं अक्षरं जशी दिसली तशीच ती शिकली होती, उलटी. ती लिपी आपल्यासारखी नाही, इंग्रजीची आहे, अक्षरांच्या डोक्यावर रेघ नसते. उलटं केलं की 'न'चं n दिसतं 'उ'च्या uसारखं आणि 'प'चं p दिसतं 'ड'च्या dसारखं. सरळ पुस्तक तिच्यापुढे आलं की तिच्या डोळ्यांपुढे कुठल्यातरी परक्याच भाषेचा कचरा पडे. आणि आम्ही सगळे तिला ढ म्हणत होतो.

मॅडम आधी हसल्या, मग त्यांनी अशी एक शिवी दिली की पोरांनी कान टवकारले. "कुणाला म्हणालात, मॅडम?" म्होरक्यानं विचारलं.

"कपाटाला," मॅडम म्हणाल्या.

कपाट होतं हेडमास्तरांच्या खोलीत. चिंगवालू हेड. त्या कपाटात नवीकोरी पुस्तकं होती, प्रत्येक पोराला एक पुरेल इतकी. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. किल्ली हेडमास्तरांच्या गळ्यात. पोरांना दिली तर फाटतील, मळतील, मग वरून विचारणा होईल, म्हणून ती जपून ठेवलेली. पुस्तकं सुरक्षित होती. पोरं उलटी झाली होती.

मग एनेलेसीला सरळ करायचं काम सुरू झालं. मॅडम रोज पुस्तक थोडं थोडं फिरवायच्या, निखाऱ्यावर कणीस फिरवतात तसं. आज जरा तिरकं, चार दिवसांनी आणखी तिरकं. मी शब्दावर बसलेला. पोर मान वाकडी करून बघायची. पुस्तक आडवं होईपर्यंत जमलं. आडवं ती बरं वाचू लागली. त्यापुढे गाडी अडली. 'घर' सरळ यायचं, 'पाणी' सरळ यायचं, बाकी सगळं परत कचरा. वर्गातली पोरं तिला पोपट म्हणायची सोडून वटवाघूळ म्हणू लागली. एकानं तिला झाडाला लटकून दाखवायला सांगितलं. तिनं त्याला लटकवलं.

"हा पावसाळा जाऊ दे," मॅडम तिला म्हणाल्या. "पुढच्या तंबाखूच्या काढणीपर्यंत तू सरळ वाचशील. घाई करायची नाही."

पण घाई आली. शहरातून वाचन तपासणारी माणसं येणार असा निरोप आला. हेडमास्तरांनी जाहीर केलं, की पाहुण्यांसमोर ज्याला एक शब्द वाचता येणार नाही तो पुन्हा पहिलीत बसेल. एनेलेसीच्या घरी ही बातमी गेली तेव्हा मी सरावासाठी तिच्या ओच्यात होतो. त्यांच्यात भाचरांचं काय करायचं ते मामा ठरवतो. बापाला कुणी विचारत नाही. मामा अंगणात न्सिमाचा, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचा, गोळा रश्श्यात बुडवत बसला होता.

"पुन्हा पहिलीत?" मामा म्हणाला. "दात पडलेल्या पोरांत ही घोडी बसवायची? लोक म्हणतील मास्तरीण आलीये."

"दादा, मॅडम म्हणतात तिला येतंय," नाफिरी म्हणाली. "उलटं येतंय."

"उलटं?" मामाचा घास हातातच राहिला. "म्हणजे डोक्यावर उभी राहून?"

"थट्टा नको करूस, दादा."

"थट्टा तुम्ही मायलेकींनी लावलीये. हे बघ, या खेपेला जमलं तर राहू दे शाळेत. नाही जमलं तर उद्यापासून कढईवर बसव. कढईला सरळ-उलटं नसतं."

एनेलेसीनं ओच्यावरून मला दाबून धरलं. तिला शाळा सोडायची नव्हती. तिला मॅडमसारखं व्हायचं होतं आणि ते तिनं माझ्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं.

मॅडम हेडमास्तरांकडे गेल्या. मला पुरावा म्हणून बरोबर नेलं.

"सर, पाहुण्यांना एवढंच सांगा, की या पोरीला कागद हवा तसा धरू द्या. ती वाचते."

"उलटा?"

"उलटा. आडवा धरला तरी वाचते."

हेडमास्तरांनी किल्ली चाचपली. "मॅडम, हे बाहेर बोलू नका. उद्या पाहुणे विचारतील, पोरांना तुम्ही कशाला टांगून शिकवता? शाळेची अब्रू आहे की नाही?"

"सहा पोरांत एक पुस्तक ठेवलं की अब्रू राहते का, सर?"

"तुमची नेमणूक तात्पुरती आहे," हेडमास्तर शांतपणे म्हणाले. "हे मी विसरत नाही, तुम्हीही विसरू नका. आणि हा दारूचा पुठ्ठा माझ्या टेबलावरून उचला."

तपासणीच्या दिवशी कपाट उघडलं. मी डोळ्यांनी पाहिलं म्हणतो, मित्रांनो, डोळा म्हणजे माझं भोकच. नवी पुस्तकं वाटली, प्रत्येक पोराच्या हातात एक. पोरं त्यांचा वास घेत होती. एनेलेसीच्या हातात जन्मात पहिल्यांदा तिचं स्वतःचं पुस्तक आलं. तिनं ते उघडलं, उलटं केलं आणि ओठ हलवत वाचायला लागली. हेडमास्तरांनी तिच्या टाळक्यात टपली मारली. "सरळ धर गं, बावळट! फोटो आहे." फोटो झाला. पुस्तकं परत गोळा झाली, मोजून कपाटात गेली, कुलूप लागलं.

मॅडमना त्या दिवशी पलीकडच्या इमारतीत मोठ्या वर्गावर पाठवलं होतं.

एनेलेसीचं नाव चिठ्ठीत निघालं. आंब्याच्या झाडाखाली टेबल होतं, त्यामागे शहरातला एक तरुण. बिचारा चांगला होता, हे मुद्दाम सांगतो. राक्षस असता तर शिव्या द्यायला सोपं गेलं असतं. पोरीनं मला कागदावर ठेवलं तर तो हसून म्हणाला, "हे नाही चालत, ताई. नुसतं वाचायचं." त्यानं मला बाजूला ठेवलं.

एनेलेसीनं कागद बघितला. पान अनोळखी, अक्षरं सरळ. तिनं कागद हळूच फिरवला.

तरुणानं तो सरळ केला. "असा धरायचा हं."

तिनं मान वाकडी केली. ओठ हलले. पहिला शब्द येत होता, मला दिसत होतं की येत होता. तिचा हात पुन्हा कागदाकडे गेला. तरुणानं वरच्या कडेवर बोट दाबून ठेवलं, प्रेमानं. "घाबरू नको. असंच. सरळ."

वेळ संपली. पहिल्या ओळीत एकही शब्द नाही आला तर पुढे थांबवायचं, असा त्यांचा नियम होता. त्यानं हातातल्या यंत्रावर काहीतरी दाबलं आणि शेजारच्या माणसाला म्हणाला, "अरे, हिला तर कागद धरायचंही कळत नाही. शिकवतात काय इथं?"

तेवढ्यात वाऱ्यानं कागद उडाला आणि तिच्या पायाशी उलटा पडला. एनेलेसीनं खाली बघितलं आणि पहिली ओळ वाचली. सबंध. हळू आवाजात, पण एकही चूक नाही. तरुण तोवर पुढच्या पोराचं नाव विचारत होता. ती वाचत उभी राहिली. कुणीतरी तिला बाजूला हो म्हणालं.

तिनं टेबलावरून मला उचललं आणि ती घरी गेली. ती शाळेत परत कधी आली नाही. मामानं शब्द पाळला. मॅडम नाफिरीकडे दोनदा आल्या, बोलल्या, रडल्याही. नंतर त्यांची तात्पुरती नेमणूक संपली. तंबाखूची काढणी झाली तेव्हा वर्गावर पुन्हा ओरडणारा मास्तर होता आणि टेकडीपलीकडचे म्हातारे पुन्हा मान डोलवत होते.

मी कढईशेजारी आलो. पहिले काही दिवस एनेलेसी मंदासी बांधायच्या वर्तमानपत्रावर मला ठेवायची, कागद उलटा धरून एकेक शब्द वाचायची. गिऱ्हाइकं हसायची. "अगं, मामानं शाळा सोडवली ती बरोबरच केलं. पेपर कुठून धरतात ते बघा!" दर वेळी कुणी हसलं की तिचा हात थांबायचा. मग एक दिवस तो थांबला तो थांबलाच.

तिची धाकटी बहीण मलिता शाळेत जायच्या वयाची झाली तेव्हा मला वाटलं, आता काहीतरी होईल. एनेलेसीनं मला पुन्हा हातात घेतलं. वर्तमानपत्राचा कपटा मलितापुढे सरळ ठेवला आणि स्वतः तिच्या समोर बसली. तिला उलटंच येत होतं, म्हणून समोर बसून ती वाचू शकत होती आणि धाकटीला अक्षरं सरळ दिसत होती. माझ्यावर अंगठा ठेवून ती म्हणायची, "आधी म. मग मा." मॅडमचा अंगठा असायचा तसाच. धाकटीला 'पाणी' आलं. 'घर' आलं. त्या अंगणात मी थोडा वेळ परत पुस्तकाची खिडकी झालो होतो.

मग शाळा सुरू झाली. एनेलेसी पहाटेपासून कढईवर, म्हणून सकाळचं पाणी धाकटीवर आलं. पाणी भरून ती शाळेत पळायची. रोज उशीर.

काही महिन्यांनी मलिता नाचत घरी आली. "ताई, पेपर दे, पेपर!" तिनं कपटा घेतला, बहिणीच्या शेजारी फतकल मारून बसली, कपटा उलटा केला आणि एक शब्द वाचला. "बघ! आता मी तुझ्या बाजूनं वाचते!"

एनेलेसीनं तिच्याकडे बघितलं. रागावली नाही. रडली नाही. "बरं," म्हणाली. मग तिनं मला उचललं आणि चुलीला वारा घालायला लागली.

अजूनही तेच माझं काम आहे. माझी एक कड जळाली आहे आणि चौकट फाटून पार कडेपर्यंत गेली आहे. एक शब्द धरून ठेवण्याइतकंही पोट मला उरलेलं नाही. मला जपा असं मी म्हणणार नाही, मित्रांनो. पुठ्ठे पुष्कळ मिळतील, गुत्ते काही बंद होत नाहीत. पण एखादं पोर वाचत नाही असं लिहायच्या आधी त्याच्या हातातला कागद सरळ करू नका. तुम्ही उठा. ते रोज जिथं बसतं तिथं जाऊन बसा आणि तिथून पुस्तक कसं दिसतं ते बघा. आणि येताना कपाटाची किल्ली घेऊन या.